स्वनामांकित यो-यो

दोन लांकडी चकत्या, त्यांना जोडणारा एक आंस आणि आंसाभोंवतीं गुंडाळलेली दोरी, एवढ्यांत यो-यो या खेळण्याचें वर्णन संपतें. तथापि निष्णात खेळाडू आपल्या पसंतीचा आकार, वजन व आंस ठरवून स्वतःच्या नांवाचा यो-यो घडवून घेतात, आणि ही चाल आतां देशोदेशीं रूढ झाली आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास सुतारकामाच्या तासाला असा यो-यो करावासा वाटला, तर त्यानें नांवाचा विचार सर्वांत शेवटीं करावा, असें आम्हांस वाटतें. हें खेळणें फार जुन्या कुळांतलें आहे, व त्याच्या प्रत्येक भागाविषयीं पूर्वीच्या कारागिरांनीं कांहीं ना कांहीं शोधून ठेवलें आहे. तें आधीं पाहावें.

बर्लिन येथील संग्रहालयांत इ. स. पूर्वीं सुमारें ४४० या काळचें एक ग्रीक पानपात्र आहे. त्यावर एक मुलगा दोरीस लोंबणारी चकती खेळवीत असलेला रंगविला आहे. आपल्याकडे सूरदासांच्या व्रजभाषेंतील पदांत बाळकृष्ण भोंवऱ्याबरोबर चकडोरीही मागतो. ती याच जातीची. फ्रान्समध्यें १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर परागंदा झालेल्या सरदारांवरून या खेळण्यास 'एमिग्रेत' हें नांव पडलें, आणि इंग्रज त्यास 'बँडलोर' म्हणत. हीं सर्व मंडळी आपण नमस्कार करून मागें सोडूं, कारण आपल्या कामाचा खरा धडा फिलिपाईन बेटांतून येतो.

तेथील इलोकोस प्रांतांतला पेद्रो फ्लोरेस नांवाचा तरुण १९१५ सालीं अमेरिकेस गेला. पुढें कॅलिफोर्नियांत तो एका हॉटेलांत हरकाम्या होता. लहानपणीं पाहिलेलें खेळणें त्यानें स्वतःच्या हातांनीं घडविलें आणि १९२८ सालीं त्याचा कारखाना काढला. आपण यो-यो शोधून काढला असें फ्लोरेसनें कधींही म्हटलें नाहीं. हा प्रामाणिकपणा धंदेवाईक लोकांत विरळा. त्याच्या यो-योची खुबी दोरींत होती. जुन्या बँडलोरची दोरी आंसास घट्ट बांधलेली असे, त्यामुळें चकती खालीं जाई व लागलीच वर येई, बस्स. फिलिपाईन पद्धतींत दुपदरी दोरीला पीळ देऊन तिच्या टोकाचा फांसा आंसावर सैल बसवितात. दोरी संपली तरी चकती त्या फांशांत जागच्या जागीं गरगरत राहते. खेळाडू यास यो-यो 'निजला' असें म्हणतात. मग बोटाला हलकासा हिसका दिला कीं दोरी क्षणभर सैल पडते, आंस तिला पकडतो, आणि निजलेला गडी उठून हातीं येतो. आजच्या बहुतेक करामती या एका सैल फांशावर उभ्या आहेत.

आतां थोडें गणित. आपल्या चकतीचा व्यास ५६ मिलिमीटर व आंसाचा ८ मिलिमीटर धरा. म्हणजे चकतीची त्रिज्या आंसाच्या त्रिज्येच्या सातपट झाली. सात गुणिले सात एकूणपन्नास. भरीव चकतीस त्याचें निम्मे, म्हणजे साडेचोवीस. त्यांत एक मिळविला कीं साडेपंचवीस. हा यो-यो हातांतून नुसता सोडला, तर मोकळ्या दगडाचा वेग ज्या प्रमाणांत वाढतो, त्याच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शानेंच त्याचा वेग वाढेल. उरलेली सारी शक्ति फिरण्यांत जाते. तेंच वजन मध्यावरून काढून कडेकडे नेलें, तर साडेचोविसाचे एकूणपन्नास होऊं शकतात, आणि तितक्याच फेऱ्यांनीं फिरणाऱ्या यो-योंत दुप्पट शक्ति सांठते. म्हणून चकतीचा मधला भाग कांतून पातळ करावा व कड जाड ठेवावी. बाहेरून नक्षी कितीही केली, तरी हें साधलें नाहीं तर यो-यो निजावयाचा नाहीं.

लांकूड कोणतें घ्यावें? अमेरिकन कारखानदार मेपल वापरीत. सावंतवाडीच्या खेळण्यांस पूर्वीं पांगाऱ्याचें लांकूड लागे, परंतु तें हलकें व मऊ; फळांफुलांस उत्तम, आपल्या कामास नव्हे. शिसवी घ्यावें, आणि दोन्ही चकत्या एकाच फळीच्या लगतच्या भागांतून काढाव्या, म्हणजे वजनांत फरक पडत नाहीं. सारें मिळून ५० ते ६० ग्रॅम पुरे. बाहेरच्या अंगास सांगाड्यावर लाखेचा रंग अवश्य चढवावा. फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबली कीं घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून बसते, आणि ही आपल्या कातारी लोकांची जुनी विद्या आहे. मात्र आंतलें अंग व आंस कोरेच राहूं द्यावे. दोरीनें लांकूड पकडलें पाहिजे; गुळगुळीत लाखेवर ती घसरते. आंस झिजतो, हेंही लक्षांत ठेवावें. सान फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कून यांनीं १९७८ च्या सुमारास सुटे होणारे लांकडी यो-यो केले. त्यांत झिजलेला आंस बदलतां येई. डिंकानें चिकटविण्यापेक्षां ही तऱ्हा आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

राहिलें नांव. फ्लोरेसचा धंदा लवकरच डोनाल्ड डंकन या व्यापाऱ्यानें विकत घेतला, आणि अमेरिकेंतील घरोघरीं डंकनचें नांव झालें. फ्लोरेसला लोक विसरले. 'यो-यो' हा शब्दच आपल्या मालकीचा, असा डंकनच्या कंपनीचा दावा होता. तिच्याशीं झगडणारी रॉयल कंपनी जो राडोव्हन या फिलिपिनो खेळाडूनें काढलेली होती. १९६५ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं हा शब्द सर्वांचा आहे, एकाच्या मालकीचा नाहीं.

पण त्याच डंकन कंपनीचे फिलिपिनो खेळाडू गांवोगांव हिंडत, शाळांजवळच्या दुकानांपुढें खेळ करून दाखवीत, आणि मुलांच्या यो-योवर चाकूनें ताडामाडाचीं झाडें व त्या त्या मुलाचें नांव कोरून देत. कारखान्याचा छाप लाखों नगांवर एकसारखा असे. हें कोरीव नांव एकट्याचें असे. आपणही छाप मारूं नये. एका चकतीवर नांव कोरावें, दुसरीवर ज्यानें सांगाडा धरावयास शिकविलें त्याचें. अक्षरें मध्यबिंदूभोंवतीं वर्तुळांत बसवावीं, व दोन्ही बाजूंस सारख्याच खोलीचीं असावीं. एका अंगाचें लांकूड अधिक गेलें, तर तोल बिघडून यो-यो झोकांड्या खातो.