उजळणीचा महिना

वाचण्याआधी

१. परीक्षेला एक महिना उरला की तुम्ही काय करता? नवीन काही वाचता, की वाचलेलंच परत बघता?
२. तुमच्या नात्यात भारतात कोणी ‘यूपीएससी’ किंवा ‘एमपीएससी’ची तयारी करतंय का? त्यांना तुम्ही काय म्हणता? दादा, ताई, की नुसतं नावानं हाक मारता?

आधी एक शब्द

वाचलेलं परत बघण्याला मराठीत एक छान शब्द आहे: उजळणी. उजळ म्हणजे स्वच्छ, चमकणारं. तांब्या-पितळेची भांडी काही दिवसांनी काळी पडतात. मग चिंच लावून ती घासतात आणि भांडी उजळतात. नवीन भांडं आणलेलं नसतं. घरात होतं तेच पुन्हा चमकायला लागतं. पूर्वी पाढ्यांच्या पुस्तकालाही ‘उजळणी’च म्हणत, कारण पाढे एकदा वाचून येत नाहीत, ते रोज म्हणावे लागतात.

आज आपण एका मोठ्या परीक्षेआधीचा शेवटचा महिना कसा आखायचा ते बघू. तुम्ही स्वतः ही परीक्षा कदाचित कधीच देणार नाही. पण तुमचा चुलतभाऊ किंवा मामेबहीण देत असेल. आणि आबिटूर असो, विद्यापीठातली क्लाउझुर असो, शेवटच्या महिन्याचं गणित सगळीकडे सारखंच असतं.

ही परीक्षा कोणती?

यूपीएससी म्हणजे संघ लोकसेवा आयोग. हा आयोग दरवर्षी नागरी सेवा परीक्षा घेतो. त्यातून जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, परराष्ट्र खात्यातले अधिकारी निवडले जातात. राज्याच्या सेवेसाठी अशीच परीक्षा एमपीएससी, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो.

इंग्रजांच्या काळात ही परीक्षा बरीच वर्षं फक्त लंडनला व्हायची. १९१८ साली तिथे पहिला आलेला मुलगा रायगड जिल्ह्यातला होता: चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. मराठी घरांत या परीक्षेला एवढा मान का, ते यावरून कळेल.

आजच्या परीक्षेचे तीन टप्पे आहेत: पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. पूर्व परीक्षा ही सगळ्यात मोठी चाळणी. २०२३ साली सुमारे १० लाख १७ हजार लोकांनी अर्ज केले. प्रत्यक्ष परीक्षेला ५ लाख ९२ हजार बसले. त्यातून मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२४. म्हणजे साधारण चाळीस जणांत एक. शेवटी निवड झाली १,०१६ जणांची.

आखनमध्ये फेब्रुवारी-मार्च आणि जुलै-ऑगस्ट हे परीक्षेचे महिने असतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेव्हा बसायला जागा मिळत नाही. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागात असं चित्र बाराही महिने दिसतं. तिथे गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरायचे, एक टेबल आपलं. सकाळी यायचं, मेसमध्ये जेवायचं, रात्री खोलीवर जायचं. अशी दोन-तीन वर्षं काढलेली मुलं-मुली शेवटच्या महिन्यात फार घाबरतात. घाबरला की माणूस काय करतो? नवीन पुस्तक विकत आणतो!

दोनशेपैकी पंच्याहत्तर

आता एक आकडा नीट बघा. पूर्व परीक्षेचा पहिला पेपर २०० गुणांचा असतो. प्रश्न १००, वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. २०२३ साली सर्वसाधारण गटात किती गुणांवर पुढे जाता आलं असेल? दीडशे? सव्वाशे? नाही. ७५.४१!

म्हणजे सगळं यायला लागत नाही. जे येतं, ते पक्कं यायला लागतं.

यात अजून एक गंमत आहे. बरोबर उत्तराला २ गुण मिळतात, पण चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, साधारण ०.६६. म्हणजे तीन चुका झाल्या की एक बरोबर उत्तर गेलंच. दोन मैत्रिणी घ्या. दोघींची ५० उत्तरं बरोबर आली. पहिलीनं ८० प्रश्न सोडवले, तिचे ३० चुकले. तिला साधारण ८० गुण मिळाले. दुसरीनं ९० सोडवले, तिचे ४० चुकले. तिला साधारण ७३. दोघींना येत होतं तेवढंच. पण २०२३ साली पहिली पुढे गेली असती आणि दुसरी घरी बसली असती.

मग अंदाज लावायचाच नाही का? गणित करून बघा. चार पर्याय आहेत आणि काहीच येत नाही, तर डोळे मिटून लावलेल्या अंदाजातून सरासरी शून्य मिळतं. कष्ट फुकट. पण चारपैकी एक पर्याय खात्रीनं खोडता आला, तर अंदाज थोडासा फायद्याचा ठरतो. दोन खोडता आले तर चांगलाच. आणि पर्याय खोडायला लागतं पक्कं ज्ञान. अर्धवट वाचलेल्या दहा पुस्तकांमुळे चारही पर्याय ‘ओळखीचे’ वाटतात, आणि तिथेच घात होतो. आपल्याकडे म्हण आहे ना: एक ना धड, भाराभर चिंध्या.

एकतीस दिवसांनी काय उरतं?

हे मोजणारा माणूस आपल्या जवळचाच. हेर्मान एबिंगहाउस यांचा जन्म १८५० साली बार्मेनला झाला. बार्मेन आज वुपरटाल शहरात आहे, म्हणजे आखनच्याच राज्यात. त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. काही अर्थ नसलेली अक्षरं ते पाठ करायचे, मध्ये वेळ जाऊ द्यायचे आणि तीच यादी पुन्हा पाठ करायचे. दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला, ते लिहून ठेवायचे. १८८५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातले आकडे असे: एका तासानं ४४ टक्के वेळ वाचला, एका दिवसानं ३४ टक्के, आणि ३१ दिवसांनी २१ टक्के.

अर्थ असलेली माहिती यापेक्षा जास्त टिकते. पण दिशा तीच. सगळ्यात मोठी गळती पहिल्याच दिवशी होते. म्हणून शेवटच्या महिन्यात एकदाच वाचलेलं नवीन पुस्तक परीक्षेच्या दिवशी फारसं हाताशी नसतं. जे तीन-चार वेळा उजळलंय, तेच कामाला येतं.

पंधरा, आठ, चार, तीन

आता तीस दिवस मांडू. विषय सात धरा: इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान आणि चालू घडामोडी.

*पहिली फेरी, १५ दिवस.* प्रत्येक विषयाला दोन दिवस. पंधरावा दिवस सराव पेपरचा. या फेरीत पुस्तक उघडायचं, पण जुनंच. प्रत्येक विषयाचं जे सारखं निसटतं, तेवढंच दोन कागदांवर लिहायचं. सात विषयांचे चौदा कागद झाले.

*दुसरी फेरी, ८ दिवस.* प्रत्येक विषयाला एक दिवस, आठवा दिवस पुन्हा पेपरचा. आता पुस्तकातला खुणा केलेला भाग आणि आपले कागद, एवढंच.

*तिसरी फेरी, ४ दिवस.* रोज दोन विषय. शेवटच्या दिवशी एक विषय आणि चुकांची वही.

*शेवटचे ३ दिवस.* फक्त ते चौदा कागद. प्रवेशपत्र काढून ठेवायचं, परीक्षेचं केंद्र कुठे आहे ते बघून यायचं आणि वेळेवर झोपायचं.

पहिल्या दिवशी बघितलेला विषय सोळाव्या दिवशी परत येतो, मग चोविसाव्या, मग शेवटी. विसरायला लागलो की तो समोर हजर!

अजून तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली: उजळणी म्हणजे नुसतं डोळ्यांनी वाचणं नाही. पुस्तक मिटायचं आणि आठवायचं. उदाहरणार्थ, राज्यघटनेच्या कलम ३२ नुसार सर्वोच्च न्यायालय पाच प्रकारचे आदेश काढू शकतं. पाच नावं कोऱ्या कागदावर लिहून बघायची. तीनच आठवली? ठीक आहे, आज कुठली दोन उजळायची ते तरी कळलं. तुम्ही शाळेत कार्टाइकार्टन वापरता ना? तीच ही पद्धत. त्या कार्डांची कप्प्यांची पेटी सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ सालच्या पुस्तकातून लोकांपर्यंत पोचवली. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात.

दुसरी: दुसरा पेपर विसरायचा नाही. त्यात उताऱ्यांवरचे आणि गणिताचे प्रश्न असतात. २०० पैकी ६६ गुण मिळाले की पुरे, पण ते मिळाले नाहीत तर पहिला पेपर कितीही छान गेला तरी बाद. म्हणून रोज अर्धा तास त्यासाठी.

तिसरी: सराव पेपर खऱ्या वेळेलाच सोडवायचा. पहिला पेपर सकाळी ९:३० ला असतो, दुसरा दुपारी २:३० ला. रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करणाऱ्याचं डोकं सकाळी साडेनवाला झोपलेलं असतं.

आणि मध्येच ताप आला, एक दिवस गेला तर? पुढचं सगळं वेळापत्रक ढकलायचं नाही. जो विषय सगळ्यात चांगला येतो, त्याचा एक दिवस कमी करायचा.

तुम्ही काय करू शकता?

समजा, तुमच्या ताईची परीक्षा मे महिन्याच्या शेवटी, रविवारी आहे. उन्हाळ्यात भारताचं घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतं. तिचा पहिला पेपर सुरू होईल तेव्हा आखनमध्ये सकाळचे सहा वाजलेले असतील. दुसरा संपेल तेव्हा दुपारचा एक. फोन करायचा तर एकनंतर करा.

महिनाभर आधी फोन केलात तर “अभ्यास झाला का?” असं विचारू नका. तो कधीच ‘झालेला’ नसतो. “किती मार्क पडतील?” हेही नको. “जेवलीस का?”, “झोप होतेय ना?” एवढं पुरतं. आणि फोन ठेवताना म्हणा, “शांतपणे पेपर दे. नंतर निवांत बोलू.”

कारण चाळीसातल्या एकोणचाळीस जणांना पुढच्या वर्षी परत बसावं लागतं, किंवा दुसरी वाट शोधावी लागते. सर्वसाधारण गटात सहाच प्रयत्न मिळतात आणि वयाची अट ३२ वर्षांची. तुमची ताई त्या एकात असेल किंवा नसेल. निकालानंतरही तिच्याशी तसंच बोलता आलं पाहिजे, जसं आधी बोलत होतात.

शब्दार्थ

- चाळणी: पीठ चाळायचं भोकांचं भांडं, इथे, खूप जणांतून थोड्यांची निवड
- अभ्यासिका: पैसे भरून शांतपणे अभ्यास करायची जागा
- खोडणे: लिहिलेल्यावर रेघ मारून ते काढून टाकणे
- घात होणे: मोठं नुकसान होणे
- एक ना धड, भाराभर चिंध्या: खूप गोष्टी गोळा केल्या, पण एकही पूर्ण किंवा कामाची नाही
- निसटणे: हातातून किंवा आठवणीतून सुटणे
- चालू घडामोडी: सध्या जगात आणि देशात घडणाऱ्या गोष्टी
- निवांत: घाई न करता, आरामात

स्वाध्याय

१. ‘उजळणी’ हा शब्द अभ्यासाला का शोभतो? दोन-तीन वाक्यांत सांगा.
२. एका मुलानं ६० प्रश्न सोडवले. ४५ बरोबर, १५ चुकीचे. त्याला साधारण किती गुण मिळाले? २०२३ साली सर्वसाधारण गटातून तो पुढे गेला असता का?
३. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण वापरून तुमच्या रोजच्या आयुष्यातलं एक उदाहरण लिहा.
४. तुमच्या पुढच्या परीक्षेसाठी १५-८-४-३ असं वेळापत्रक मराठीत तयार करा. विषय चारच असतील तर दिवस कसे वाटाल?
५. जोडीनं बोला: एकानं आखनहून फोन करायचा, दुसरा पुण्यात अभ्यासिकेत आहे. दोन मिनिटं बोलायचं, पण परीक्षेचं नावही काढायचं नाही!