जुन्या लुगड्याचा अभ्रा

आजीच्या नऊवारी लुगड्यास कात्री लावण्यापूर्वी आजीस विचारावे. कित्येक घरांत ते गोधडीसाठी वा बाळाच्या दुपट्यासाठी राखलेले असते. तिने दिलेच तर कापड उजेडासमोर धरावे. बसण्याच्या जागी ते विरलेले असते, तो भाग आम्ही घेत नाही. पदर मात्र बहुधा धड असतो; तो दर्शनी शोभतो.

४० सेंटिमीटर चौरस उशीसाठी पुढील तुकडा ४२ सेंटिमीटर चौरस आणि मागील दोन तुकडे प्रत्येकी ४२ बाय २८ सेंटिमीटर कापावेत. मागील तुकड्यांची एकेक लांब कड १ सेंटिमीटरप्रमाणे दोनदा दुमडून शिवावी. पुढील तुकडा सुलट पसरून त्यावर हे दोन्ही उलट ठेवावेत, म्हणजे शिवलेल्या कडा मध्यभागी १० सेंटिमीटर एकमेकींवर येतील. चारही बाजू १ सेंटिमीटर आत शिवून अभ्रा उलटावा. बटणे लागत नाहीत. लुगड्याचा काठच मध्यभागी घेतल्यास तो उसवत नाही, दुमडही वाचते. मग तो तुकडा २६ सेंटिमीटरच घ्यावा.