पान लागले तेव्हा

ग्रामीण महाराष्ट्रात ‘साप चावला’ असे अनेकदा उघडपणे म्हणत नाहीत. ‘पान लागले’ असे म्हणतात. रात्रीच्या वेळी तर सापाचे नावही घ्यायचे टाळतात आणि ‘लांबडे’ किंवा ‘जनावर’ म्हणून भागवतात. नाव घेतले की तो येतो, अशी समजूत! भीती माणसाच्या भाषेतही कशी शिरते, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

पावसाळ्याचे दिवस. जमिनीवर निजलेल्या माणसाला पान लागते आणि घरात आकांत उडतो. दवाखाना दूर, वाहन नाही, वर अंधार. हातावर हात ठेवून बसणे कोणालाच शक्य नसते. अशा वेळी कोणीतरी मांत्रिकाचे नाव काढतो. रोग्याला मारुतीच्या देवळात नेतात, कडुलिंबाचा पाला चावायला देतात, मंत्र म्हणून विष ‘उतरवतात’. आणि नवल असे, की त्यांतील पुष्कळ रोगी खरोखरच बरे होऊन घरी जातात.

ते बरे कशाने झाले? भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी तो अंगात विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे आलेल्यांपैकी बरेच जण मंत्र म्हटला नसता, तरीही वाचले असते. परंतु वाचलेला माणूस आपला अनुभव चार गावांत सांगतो. दगावलेला सांगायला येत नाही. त्याच्याविषयी ‘त्याची वेळच भरली होती’ एवढेच बोलले जाते. या हिशेबात जमा तेवढी लिहिली जाते, खर्च लिहिलाच जात नाही.

एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडण्याची ही सवय केवळ माणसाचीच नसावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले. कबुतरे काय करतात याच्याशी त्या दाण्यांचा काहीही संबंध नव्हता. तरीही एक कबूतर गोल फिरू लागले, दुसरे मान हलवू लागले. जणू त्यामुळेच दाणे मिळत होते, असे स्किनर यांना वाटले. परीक्षेला ठरावीक पेनच नेणाऱ्या सुशिक्षितांनी खेड्यातील माणसाला हसण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की पेनामुळे कोणाचा जीव जात नाही.

सर्पदंशात मात्र वेळ जातो, आणि वेळ म्हणजेच प्राण. मण्यार हा साप बहुधा रात्री चावतो. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, घोट गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. मंत्र चालू असतो तो नेमका याच तासांत. विषावर खरे औषध एकच, ते म्हणजे घोड्याच्या रक्तातील प्रतिद्रव्यांपासून तयार केलेले प्रतिविष. ते जितके लवकर मिळेल तितके चांगले. जखम कापणे, विष चोखणे, दोरी करकचून आवळणे यांनी अपायच होतो. एका अभ्यासातील अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. या कायद्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच कायद्याचा वटहुकूम निघाला.

तथापि प्रत्येक मांत्रिक लबाडच असतो, असे मानणे योग्य नाही. एक पैसाही न घेणारे, मंत्रावर स्वतःचाच विश्वास असलेले मांत्रिकही असतात. शिवाय हाक मारताच ते येतात. रात्री दोन वाजता दवाखान्याचे दार उघडे असेल, याची खात्री किती गावांना आहे?

उपक्रम : तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन चौकशी करा. तेथे सर्पदंशावरील प्रतिविष आहे का? रात्री तेथे कोण असते? नसल्यास रोग्याला कोठे न्यावे लागेल, तेथे पोहोचायला किती वेळ लागेल आणि वाहन कोणाचे मिळेल? मिळालेली उत्तरे मोठ्या अक्षरांत लिहून घरातील सर्वांना दिसेल अशा जागी लावा.