सॉसेजमध्ये मांसाऐवजी सोयाबीन

मांसाचा खिमा मीठमसाला लावून आतड्याच्या नळीत भरला म्हणजे सॉसेज होते. गोव्यातील डुकराच्या मांसाचे चोरिस हा त्याचाच प्रकार होय. त्यातील मांस वगळून सोयाबीन घालण्याची कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नटंचाई झाली, तेव्हा कोलोन शहराचे कारभारी कोन्राड आडेनाउअर यांनी सोयापिठाचे सॉसेज सिद्ध केले. बिनमांसाचे सॉसेज जर्मन नियमांत बसेना, म्हणून तेथे पेटंट नाकारले गेले. ते १९१८ साली मिळाले शत्रुराष्ट्र इंग्लंडमध्ये!

विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. दाण्यात शेकडा सुमारे ४० भाग प्रथिने व २० भाग तेल असते. तेल काढून उरलेल्या पिठास उष्णता व दाब देऊन सोयावडी करतात. तीत प्रथिने शेकडा ५० भागांच्या आसपास भरतात. यावरून वडी मांसाच्या दुपटीहून पौष्टिक असल्याचे सर्रास सांगितले जाते. हा हिशेब कोरड्या वडीचा झाला. एक किलो वडीने दोन लिटर पाणी शोषले, तर त्या तीन किलोंत प्रथिने शेकडा १६-१७ भागच पडतात. बिनचरबीच्या मांसात ती २० च्या आसपास असतात. शिवाय मांसातील ब-१२ जीवनसत्त्व सोयाबीनमध्ये नसते. बचत गटांना माहिती देताना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हाच हिशेब मांडावा.

खरी अडचण आहे ती पदार्थ एकजीव होण्याची. मांसातील काही प्रथिने मिठाच्या पाण्यात विरघळतात आणि शिजताना घट्ट होऊन पाणी व चरबी धरून ठेवतात. वडीतील प्रथिने कारखान्यातच उष्णतेने घट्ट झालेली असल्याने ती हे काम करीत नाहीत. खिम्यात थोडी वडी मिसळल्यास मांस तिलाही सांभाळून घेते. मांस पूर्ण वगळल्यास मात्र वाटलेल्या वडीत बेसन अथवा गव्हाच्या पिठातील चिकट प्रथिन घालावे लागते. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी आतड्याची नळी अर्थातच चालणार नाही. मिश्रणाच्या वळ्या करून त्या कापडात गुंडाळून वाफवाव्यात.

वडीऐवजी घरचे सोयाबीन वापरावयाचे असल्यास दाणे निदान अर्धा तास उकळून, वाळवून मग दळावेत. कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे उरले तरी ते खाण्याच्या कोणत्याही पदार्थात जाता कामा नये; धुतल्याने ते निर्धोक होत नाही.

चोरिस टिकतात ते मीठ, व्हिनेगर, वाळवण व धूर यांच्या बळावर. भिजलेल्या वडीत पाणी भरपूर असते, त्यामुळे तोच मसाला लावूनही ती टिकत नाही. असे सॉसेज आतपर्यंत वाफवून त्याच दिवशी खावे, अथवा लगेच शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावे. चोरिसप्रमाणे ते दोरीवर टांगून ठेवू नये.