मुलाच्या हातातला पाना हिसकावू नका

आई-बाबांनो, बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, सांगली या भागांतली कितीतरी मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला येतात. काही महिन्यांत हातात थोडे पैसे खेळू लागतात, जुनी मोटारसायकल घेतली जाते आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला दिसतं की खोलीच्या दारात गाडी अर्धी उघडून पडलीय, हँडल जमिनीवर आहे आणि मुलाचे हात ग्रीसने काळे झालेत. "चांगली चालती गाडी कशाला खोललीस?" असा वाद सुरू होतो आणि "पुढच्या महिन्यापासून पगार घरी पाठव" इथे संपतो. त्यानंतर मुलगा गाडीविषयी बोलणंच सोडतो.

मला काळजी वाटते ती या न बोलण्याची. मुलगा गाडीत काय करतोय हे घरात कुणाला ठाऊकच नसलं, तर ब्रेकला हात घातलास का, टाकी कुठे वेल्ड केलीस, असं त्याला विचारणारं कुणी उरत नाही. पीण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. अशी मुलं मी रोज पाहतो, म्हणून त्यांच्या वतीनं आणि तुमच्याही बाजूनं हे बोलतोय.

आधी तुमचा मुलगा राहतो ती जागा समजून घ्या. पीण्या ही १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढत गेलेली, आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाणारी जागा. तुमकूर रोडला लागून गल्लीगल्लीत छोटे कारखाने आहेत. एकाकडे सीएनसी लेथ, शेजारी लेझर कटिंग, पलीकडे हीट ट्रीटमेंट, समोर पावडर कोटिंग, कोपऱ्यावर प्लेटिंग. कागदावर काढलेली वस्तू धातूत उतरवून मिळायला इथे फार लांब जावं लागत नाही. असा शेजार लाभलेल्या पोराला स्वतःच्या गाडीसाठी काही करावंसं वाटलं, तर त्यात वावगं काहीच नाही. आठवडाभर तो दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याचा जॉब काढतो. रविवारचा जॉब त्याचा स्वतःचा असतो.

हा तुमकूर रोड पुढे चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, धारवाड करत बेळगावला आणि तिथून कोल्हापूर-पुण्याला जातो. गणपतीला, दिवाळीला मुलं याच रस्त्यानं साधारण ५०० किलोमीटर गाडी हाणत घरी येतात. त्यामुळे पहिली हौस बहुधा मागच्या कॅरिअरची असते. बॅग पाठीवर घेऊन एवढा प्रवास केला की खांदे भरून येतात. पण नीट कॅरिअर बनवायचं म्हणजे काय करावं लागतं, ते ऐका.

आधी गाडीवर मूळचे बोल्ट कुठे आहेत ते शोधायचं, म्हणजे फ्रेमला नवं भोक पाडावं लागत नाही. व्हर्निअरनं मापं घ्यायची. पुठ्ठा कापून नमुना लावून बघायचा. सीटखालचा भाग, इंडिकेटर आणि चाक वरखाली होताना लागणारी मोकळी जागा तपासायची. मग ड्रॉइंग. पाइप किती जाडीचा, वाक किती अंशांचा, वेल्ड कुठे, हे सगळं ठरवायचं. वजन मागच्या आसाच्या जितकं मागे जाईल तितकं पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरू लागतं, म्हणून बॅग शक्य तितकी पुढे आणि खाली यायला हवी. त्यानंतर कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, गंज लागू नये म्हणून कोटिंग. शेवटी भरलेली बॅग बांधून जवळच्या रस्त्यावर फेरी मारायची आणि परत येऊन प्रत्येक बोल्ट तपासायचा. एवढं सगळं मुलानं मन लावून केलं, तर कॉलेजात तीन वर्षांत न उमगलेलं बरंच काही त्याला उमगतं. पुढच्या इंटरव्ह्यूला तो त्या कॅरिअरचं ड्रॉइंग दाखवू शकतो.

आपल्याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान सुरू केलं. पुढे त्याच हातांतून लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९४६ मध्ये त्याच घराण्यानं बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक काढली. प्रत्येक मुलगा लक्ष्मणराव होणार नाही हे मीही जाणतो. पण पान्याला हलकं समजू नये, एवढं तरी आपण या इतिहासातून घ्यावं.

आता काळजीचं बोलू. गाडीतली प्रत्येक गोष्ट सारख्या धोक्याची नसते. घरी बसून तुम्हाला यातला फरक कळावा म्हणून मी तीन भाग करतो.

पहिल्या भागातलं त्याला खुशाल करू द्या. कॅरिअर, बॅगेचे आधार, मोबाइलचा होल्डर, चांगली सीट, हातांची पकड, इंजिनखालची संरक्षक पट्टी, चेन साफ करणं, ऑइल बदलणं. इथे चूक झाली तरी बहुधा पैसे आणि वेळ जातो, जीव जात नाही.

दुसऱ्या भागातलं जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच व्हावं. वायरिंग त्यात पहिलं. मुलं हेडलाइटला १०० वॅटचा बल्ब बसवतात. १२ व्होल्टवर तो आठ अँपिअरहून जास्त करंट ओढतो. ३५ किंवा ५५ वॅटच्या बल्बसाठी आखलेली कंपनीची वायर, स्विच आणि होल्डर त्यानं तापतात, वितळतात, कधी पेटही घेतात. जादा दिवा हवाच असेल तर बॅटरीजवळ फ्यूज, मध्ये रिले आणि योग्य जाडीची वेगळी वायर, हे तिन्ही हवेतच. दिव्याचा झोत खाली झुकलेला हवा, कारण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर अपघात दोघांचाही होतो. रुंद टायर, बदललेलं स्प्रॉकेट, उंच हँडल हेही याच भागातलं. पुढचं स्प्रॉकेट पंधरा दात्यांऐवजी चौदाचं केलं तर ओढ जवळपास सात टक्क्यांनी वाढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि पेट्रोल जास्त लागतं. मुलाला हा हिशोब मांडता येत असेल, तरच त्यानं हात घालावा.

तिसरा भाग ठाम नकाराचा. ब्रेक, फोर्क, स्टिअरिंग, फ्रेम कापणं किंवा जोडणं हे खोलीच्या दारात होता कामा नये. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. तिला वेल्डिंगची ठिणगी लागली की स्फोट होतो. मित्राच्या वर्कशॉपमध्ये "दोन मिनिटांत टाका मारून देतो" असं कुणी म्हणालं, तरी मुलानं गाडी घेऊन परत फिरावं.

यात आणखी एक गोष्ट, जी पीण्यात सहज घडू शकते आणि फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. चमक यावी म्हणून मुलं बोल्ट प्लेटिंगला देतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे कोरलेले असतात. ते त्याची ताकद सांगतात. ८.८ चा बोल्ट तुटायला दर चौरस मिलिमीटरला साधारण ८०० न्यूटन ताण लागतो. १०.९ आणि १२.९ चं पोलाद फार कडक असतं. प्लेटिंगच्या वेळी त्यात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत काही तास तापवून तो हायड्रोजन काढावा लागतो. हौसेच्या कामात हे कोण करतं? बाहेरून चकचकीत दिसणारा असा बोल्ट आवळल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी, कसलाही इशारा न देता तुटू शकतो. चाकाचा, ब्रेकचा, हँडलचा बोल्ट चमकवायला देऊ नकोस, एवढं मुलाला आजच सांगा. आणि घरच्या बादलीत क्रोम प्लेटिंग करण्याचा विचार तर त्याच्या मनातही येऊ देऊ नका. क्रोमियमचं पाणी विषारी असतं. पीण्याच्या भूजलानं त्याची किंमत मोजलेली आहे.

सायलेन्सरचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. तो तिसऱ्या भागातच. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि ऑक्सिजन सेन्सर पाहून इंधनाचं प्रमाण ठरतं. मोकळा सायलेन्सर लावला की ही घडी विस्कटते. आवाज वाढला म्हणून ताकद वाढली, असं मुळीच नाही. कंपनीतून निघताना गाडीच्या आवाजाला मर्यादा असते. ८० ते १७५ सीसीसाठी ७७ डेसिबल, त्यावरच्या गाड्यांना ८०. वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस, शेजारची तान्ही बाळं, हृदयविकाराचे रुग्ण यांचाही त्या रस्त्यावर हक्क आहे. मुलाला कायद्याआधी हे सांगा.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. रंग बदलायचा तरी आरटीओत नोंद करावी लागते. शिवाय न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विमा अडू शकतो.

ज्यांची मुलं अजून अठराची नाहीत, त्यांनी हे दोनदा वाचावं. लायसन्स नसलेल्या अल्पवयीन मुलाकडून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर कलम १९९अ नुसार पालक किंवा मालक जबाबदार धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. अशा मुलाला गाडी उघडायला, जोडायला, साफ करायला जरूर द्या. किल्ली मात्र तुमच्याकडेच ठेवा.

मग मुलाशी बोलायचं कसं? पीण्यातला चांगला कारखाना ड्रॉइंगशिवाय जॉब घेत नाही. तोच नियम घरी लावा. पुढच्या फोनवर "किती पैसे घातलेस?" यानं सुरुवात करू नका. "ड्रॉइंग दाखव" म्हणा. मग विचारा: हे का करतोयस? मूळचा भाग जपून ठेवलास का? कुणाला दाखवलंस? बोल्ट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळलेस का? तुम्हाला इंजिनातलं काही कळत नसलं तरी चालेल. उत्तर देताना मुलालाच कळतं की कुठे विचार केलाय आणि कुठे नुसती मित्रांची नक्कल केलीय. पैशांची मर्यादाही याच बोलण्यात ठरवा, पण एक क्रम पक्का ठेवा. चांगलं हेल्मेट, हातमोजे, नवे टायर आणि ब्रेक पॅड आधी. बाकी सगळं नंतर. ग्राइंडर चालवताना डोळ्यांवर चष्मा आणि चाकावर गार्ड आहे ना, हेही विचारा.

वेगाचीच ओढ असेल तर तिला योग्य जागा आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला रीतसर ट्रॅक आहेत. घडवण्याची ओढ असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बाहा एसएई-इंडिया स्पर्धेत मुलं स्वतःची गाडी बांधतात. पीण्यातच एनटीटीएफ ही प्रशिक्षण संस्था आहे, राजाजीनगरला सरकारी जीटीटीसी आहे. टूल अँड डाय शिकलेल्या हाताला काम कमी पडत नाही. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी गाड्या घडवण्याच्या याच कामातून 'वर्देंची' हा व्यवसाय उभा केला. आणि मुलीला हे वेड असेल तर तिलाही अडवू नका. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ मध्ये मोटारसायकल शर्यतींच्या एफआयएम बाहा विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं.

आई-बाबांनो, रागाच्या भरात गाडी विकायला लावलीत तर मुलगा गाडी विकेल, पण तुमच्याशी बोलणंही कमी करेल. त्याऐवजी या रविवारी फोन करा, त्याला कॅमेरा गाडीकडे वळवायला सांगा आणि काय चाललंय ते शांतपणे समजून घ्या. ब्रेक, टाकी आणि सायलेन्सर यांना तुमचा नकार ठाम राहू द्या. बाकीच्या कामात त्याला तुमची साथ द्या.