नक्षी आणि पट्ट्या

सोलापूरची चादर महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. तिच्यावरील फुलावेलींची नक्षी रंगाने छापलेली नसते. ती विणतानाच उमटत जाते. अशी नक्षी विणणाऱ्या मागाच्या माथ्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची लांब माळ फिरत असते. फ्रान्समधील जाकार नावाच्या कारागिराने १८०४ च्या सुमारास ही योजना सिद्ध केली. त्याच्या नावावरून या यंत्राला जकार्ड म्हणतात. पट्टीवर जेथे भोक असेल, तेथील उभा धागा वर उचलला जातो. नसेल, तेथील खालीच राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा धावतो आणि पुढची पट्टी येते.

एकच पट्टी हाती घेतली, तर तीत फूल दिसत नाही. फूल असते ते चौकटींच्या कागदावर आधी काढलेल्या चित्रात. ते पाहूनच कारागीर पट्ट्यांवर भोके पाडतो. यंत्राला मात्र चित्राची ओळख नसते. पट्ट्यांचा क्रम चुकला, तरी माग तितक्याच वेगाने चुकीची नक्षी विणत राहतो.

माणसाचे वेळापत्रकही या माळेसारखेच असते. समजा, एका मुलीला तबला शिकावयाचा आहे. शाळा, गृहपाठ, घरकाम, सारे ती वेळच्या वेळी करते. रोज प्रत्येक कामापुढे खूण पडते. परंतु वर्ष सरते, तेव्हा तबल्याला तिचा हातही लागलेला नसतो. तिने आळस केला काय? मुळीच नाही. पट्टीमागून पट्टी बिनचूक फिरली. पण एकाही पट्टीवर तबल्यासाठी भोक पाडलेले नव्हते!

म्हणून वेळापत्रक आखण्यापूर्वी आपल्याला काय साधावयाचे आहे, ते त्याच्या माथ्यावर एका ओळीत लिहावे. रोजच्या कामांत त्यासाठी पंधरा मिनिटे का होईना, राखून ठेवावीत. घरी कोणी आजारी पडले, तर एखादा दिवस चुकेल. त्याचा खेद करू नये. मात्र आठवड्यातून एकदा, कारागीर विणलेले कापड चित्राशी ताडून पाहतो, तशी आपली कामे त्या ओळीशी ताडून पाहावीत. ध्येयच बदलावेसे वाटले, तर खुशाल बदलावे. पण मग पट्ट्याही नव्याने पाडाव्या लागतात.