टोपीकरांची टोपी आणि वेल्लोरचा किल्ला



बेळगावात राहणाऱ्याला सैनिकाची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. कॅम्पात मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि सैनिकांची हिरवी बेरे टोपी आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. पण मध्यंतरी सातवीच्या वर्गात नेपोलियनच्या सैन्याचे एक चित्र दाखवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, डोक्यावर एवढे उंच नळकांडे घेऊन हे लोक लढाईत पळत कसे होते?" सारा वर्ग हसला, आम्हीही हसलो. खरे सांगायचे तर तेव्हा आमच्याकडे नीट उत्तर नव्हते. शोधायला लागलो तेव्हा कळले की एकोणिसाव्या शतकातल्या सैनिकी टोपीची गोष्ट गमतीची आहे, आणि एका ठिकाणी ती फार रक्ताळलेलीही आहे.

आधी त्या नळकांड्याचे पाहू. त्याचे नाव शॅको. शब्द मूळचा हंगेरीतला. ब्रिटिश पायदळाने ही टोपी १८०० साली स्वीकारली. सुरुवातीला ती चामड्याची होती, पुढे नमद्याची झाली. वीतभर उंच, वर तुरा, पुढे पितळी पट्टी. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे. म्हणून सैनिक खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहत आणि एकदम बार काढत. काळ्या दारूचा धूर असा दाटे की पुढचा माणूस आपला की शत्रूचा हे कळेना. अशा वेळी लपण्यापेक्षा दिसणे महत्त्वाचे होते. उंच टोपीने पाच फुटी शिपाई सहा फुटी वाटे, आणि तुऱ्याच्या रंगावरून कंपनी ओळखता येई. ब्रिटिश पायदळात ग्रेनेडियर कंपनीचा तुरा पांढरा आणि हलक्या पायदळाचा, म्हणजे लाईट इन्फन्ट्रीचा, हिरवा असे. पळण्याचा प्रश्न फारसा येतच नव्हता, कारण रांग मोडून पळणे हाच मोठा गुन्हा होता!

ग्रेनेडियर म्हणजे मूळचे हातबॉम्ब फेकणारे. रुंद काठाची टोपी बंदूक खांद्यावर अडकवताना आड येई, म्हणून त्यांना बिनकाठाची उंच टोपी मिळाली. पुढे तिची जागा अस्वलाच्या कातड्याच्या केसाळ टोपीने घेतली. लंडनच्या राजवाड्यापुढे पहारेकऱ्यांच्या डोक्यावर ती आजही दिसते. तिची कथा अशी की १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे ब्रिटिशांच्या पहिल्या गार्ड पलटणीने नेपोलियनच्या खास रक्षकदलाला मागे रेटले. आपण फ्रेंच ग्रेनेडियरांनाच हरवले असे त्यांना वाटले आणि बक्षीस म्हणून पलटणीला ग्रेनेडियर हे नाव व ती केसाळ टोपी मिळाली. प्रत्यक्षात समोर होते ते रक्षकदलातलेच, पण दुसरे शिपाई. चूक कळली तरी टोपी मात्र राहिली.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला तिकडे वळू.

आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत युरोपीय लोकांना 'टोपीकर' म्हटलेले आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही हा शब्द आहे. म्हणजे इंग्रज, पोर्तुगीज, फ्रेंच, डच यांच्यात आमच्या पूर्वजांना पहिली खूण दिसली ती टोपीची. आपण पागोटेवाले, ते टोपीवाले. हे एकट्या मराठी मुलखातले नव्हे, हिंदुस्थानभर असेच होते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे समजायला सोपे जाते.

इंग्रजांच्या मद्रास सैन्याचे सरसेनापती होते सर जॉन क्रॅडॉक. सगळे शिपाई एकसारखे दिसावेत अशी त्यांची इच्छा. नोव्हेंबर १८०५ मध्ये शिपायांसाठी नव्या नमुन्याचे पागोटे मंजूर झाले. नाव पागोटे, पण आकार साहेबाच्या टोपीसारखा आणि त्यावर चामड्याचा तुरा. पुढच्या वर्षी आणखी नियम आले. कवायतीच्या वेळी कपाळावर गंध किंवा जातीची खूण नको, कानात बाळी नको, दाढी काढायची, मिशा ठरावीक मापाच्या ठेवायच्या. गव्हर्नर होते लॉर्ड विल्यम बेंटिंक. १८२९ साली सतीबंदीचा कायदा केला म्हणून ज्यांचे नाव तुम्ही इतिहासात वाचता, तेच हे बेंटिंक.

ज्यांच्या डोक्यावर ही टोपी चढणार होती त्यांना कोणी विचारले नाही. चामडे कुणाचे, गाईचे की डुकराचे, ही शंका हिंदू व मुसलमान दोघांनाही आली. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. टोपी घातली की आपणही टोपीकर झालो, म्हणजे आपला धर्म गेला, असे गावचे लोक म्हणणार. घरी गेल्यावर पंगतीत कोण बसू देईल? बायकोचे माहेर काय म्हणेल? साहेबाला तो गणवेशाचा एक तुकडा होता, शिपायाला मात्र सारी सोयरीक त्यावर टांगलेली दिसत होती.

मे १८०६ मध्ये वेल्लोरच्या एका पलटणीने ते पागोटे घालायला नकार दिला. काहींवर खटला चालला. दोघांना फटके मारून नोकरीतून काढले. एकोणीस जणांनी माफी मागितल्यावर त्यांचे फटके टळले. वरिष्ठांना वाटले, प्रकरण मिटले.

वेल्लोर हे आजच्या तमिळनाडूत आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान मारला गेल्यावर त्याचे कुटुंब इथल्या किल्ल्यात नजरकैदेत ठेवले होते. जुलैमध्ये टिपूच्या एका मुलीचे लग्न होते. १० जुलै १८०६ च्या पहाटे, अंधार असतानाच, शिपायांनी किल्ल्यातल्या गोऱ्या सैनिकांच्या बराकींवर गोळीबार सुरू केला. शंभराहून अधिक गोरे सैनिक व अनेक अधिकारी मारले गेले. किल्ल्यावर म्हैसूरचे निशाण चढले. पण खबर जवळच्या अर्काटला पोचली, आणि तिथून गिलेस्पी नावाचा अधिकारी घोडदळ घेऊन दौडत आला. किल्ल्याचे दरवाजे फोडून आत शिरल्यावर त्याने दया दाखवली नाही. शेकडो शिपाई ठार झाले. नंतर चौकशी होऊन काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले. सकाळी हाती घेतलेला किल्ला दुपारपर्यंत हातचा गेला होता.

टिपूच्या मुलांच्या माणसांनी शिपायांना चिथावले असे तेव्हाही म्हटले गेले, आजही काही जण म्हणतात. त्यात थोडे तथ्य असेलही. पण चिथावणीची ठिणगी पडायला आधी वाळलेले गवत लागते, आणि ते त्या हुकमाने तयार करून ठेवले होते, असे आमचे मत आहे. त्याच महिन्यात हैदराबादच्या फौजेतही याच पागोट्यावरून धुसफूस चालली होती. तिथले प्रमुख अधिकारी माँट्रेसर यांनी मद्रासच्या परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर तो हुकूम मागे घेतला. तिथे वेल्लोर झाले नाही.

पुढे मद्रास सरकारनेही हे नियम रद्द केले. क्रॅडॉक आणि बेंटिंक दोघांनाही १८०७ मध्ये परत बोलावण्यात आले. टिपूच्या कुटुंबाला कलकत्त्याला हलवले.

आता पुढचे थोडक्यात. हिंदुस्थानच्या उन्हात गोऱ्या सैनिकाची डोकी तापू लागली तेव्हा टोपीवर पांढरे फडके व मानेवर पदर आला. १८५७ च्या धामधुमीतल्या हॅवलॉक या सेनापतीचे नाव त्याला पडले. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ मध्ये तिथल्या सैनिकांनाही तो पदर देण्यात आला, पण त्यांनी म्हणे त्याची कॉफी गाळायला फडकी केली! मग आली सोला टोपी. 'सोला'चा सूर्याशी संबंध नाही. ती शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याची, म्हणजे आपल्या भेंडाची. ज्या भेंडाची लग्नात बाशिंगे होतात तेच भेंड साहेबाच्या डोक्यावर बसले. हलके, थंड, आणि पावसात भिजले की पिळपिळीत.

टोप्यांची फॅशन मात्र जिंकणाऱ्याची चाले. प्रशियाने १८४२ मध्ये वर टोक असलेले चामड्याचे शिरस्त्राण काढले. १८७०-७१ च्या युद्धात त्यांनी फ्रान्सला हरवले, आणि १८७८ मध्ये ब्रिटिश पायदळाच्या डोक्यावरही टोकदार शिरस्त्राण आले. तेवढ्यात फ्रान्सने १८८४ मध्ये बिनधुराची दारू शोधली, बंदुकांचा पल्ला वाढला, आणि जो दिसेल तो मरेल अशी वेळ आली. तुरे उतरले, खाकी आली. १९१५ पासून पहिल्या महायुद्धात पोलादी टोप आले आणि लढाईच्या मैदानातली उंच टोपीची हौस संपली.

हिंदी पलटणींत मात्र १८५७ नंतर फेट्याला पुन्हा मान मिळाला, आणि इंग्रज अधिकारीही आपल्या पलटणीचा फेटा बांधू लागले. २६ जानेवारीच्या संचलनात निरनिराळ्या पलटणींचे तुरेदार फेटे दूरदर्शनवर तुम्ही पाहताच.

वेल्लोरचा किल्ला आजही उभा आहे. त्या उठावाला दोनशे वर्षे झाली तेव्हा, २००६ साली, भारतीय टपाल खात्याने त्यावर तिकीट काढले होते. ज्यांच्या घरी तिकिटांचा संग्रह आहे त्यांनी त्यात ते जरूर शोधावे, आणि सापडल्यास इतिहासाच्या तासाला घेऊन यावे.